लिनक्सवर मोठी फाइल कॉपी करताना बरोब्बर ४ जीबीला अडकतंय, काय करावं?

रानवारा
नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्यावरचे मोठे व्हिडिओ आणि व्हर्च्युअल मशीनची डिस्क फाइल १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर हलवायची आहे. छोट्या फाइली सुरळीत जातात, पण मोठी फाइल आली की सीपी (कॉपीची कमांड) बराच वेळ चालतं आणि मग 'फाइल टू लार्ज' असं म्हणून थांबतं. पेनड्राइव्हवर ११० जीबी मोकळी दिसतेय. अर्धवट राहिलेली फाइल बघितली तर ती ४ जीबीची, आणि पुन्हा केलं तरी तेवढीच. लिनक्समधे फाइलच्या आकाराला अशी मर्यादा असते का? असली तर कुठल्या सेटिंगमधून वाढवता येते? का सरळ फाइलचे तुकडे करावेत? हाच पेनड्राइव्ह मला विंडोजच्या मशीनला आणि टीव्हीलाही लावायचा असतो, तेव्हा तेही लक्षात घेऊन सांगा.

चकोर
पेनड्राइव्हची फाइलसिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, फॅट३२ असणार. दुसरं काही नाही. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा आणि मोकळे व्हा.

टर्मिनलवेडी
चकोर यांचं उत्तर बहुतेक बरोबरच आहे, पण फॉरमॅट करा म्हणायच्या आधी बघून तरी घ्यायला सांगा हो, पेनड्राइव्हवर आधीचं काही असेल तर सगळं जाईल ना.

रानवारा, टर्मिनलमधे डीएफ मायनस कॅपिटल टी द्या आणि पुढे पेनड्राइव्ह जिथे माउंट झालाय (जोडला गेलाय) तो पाथ. 'टाइप'च्या रकान्यात व्हीफॅट असं आलं तर तो फॅट३२ आहे. एलएसबीएलके मायनस एफ दिलंत तर सगळ्या डिस्क एकदमच दिसतील, फाइलसिस्टिमच्या नावासकट.

आणि मर्यादा लिनक्सची नाहीये. फाइल जिथे जाऊन पडणार त्या फाइलसिस्टिमची आहे. तुमच्या लॅपटॉपवर बहुधा ईएक्सटी४ असेल, त्यावर नेहमीच्या ४ केबीच्या ब्लॉकला एक फाइल १६ टीबीपर्यंत जाते. म्हणून तिथे फाइल आरामात राहते आणि पेनड्राइव्हवर गेली की अडकते. सेटिंग शोधत बसू नका, वाढवण्यासारखं तिथे काही नाही.

जुनंखोड
४ जीबीच का, हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहितो.

फॅटमधे प्रत्येक फाइलची डिरेक्टरीत एक नोंद असते, ३२ बाइटची. त्या नोंदीत नाव, तारीख, सुरुवात कुठे आहे वगैरे असतं आणि फाइलचा आकार लिहायला फक्त ४ बाइट, म्हणजे ३२ बिट दिलेले आहेत. ३२ बिटमधे मावणारा मोठ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. तेवढेच बाइट फाइलमधे बसतात, एकही जास्त नाही. गाडीच्या किलोमीटरच्या मीटरला जेवढे रकाने तेवढाच आकडा दाखवता येणार, तसंच हे. फॅट३२ आला १९९६ साली, विंडोज ९५ च्या नंतरच्या आवृत्तीबरोबर. त्या काळात अख्खी हार्ड डिस्कच १-२ जीबीची असायची, एका फाइलला ४ जीबी म्हणजे भरपूर वाटलं असणार.

आणि एक. फाइल मॅनेजरमधे '४.२ जीबी' दिसणारी फाइल फॅट३२ वर जाऊ शकते, कारण बरेच फाइल मॅनेजर १००० च्या पटीत मोजतात आणि एलएस मायनस एलएच १०२४ च्या. १००० च्या हिशोबाने मर्यादा जवळजवळ ४.२९ जीबी होते. काठावरची फाइल असेल तर नुसतं एलएस मायनस एल करून बाइट बघा, अंदाजाने जाऊ नका.

रानवारा
टर्मिनलवेडी, व्हीफॅटच आलं! जुनंखोड, इतकं नीट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पेनड्राइव्हवर थोडे फोटो आहेत, ते काढून घेता येतील. पण टीव्ही जुना आहे, एक्सफॅट वाचेल का माहीत नाही. म्हणून तुकड्यांबद्दल विचारत होतो.

वाटसरू७
तुकडे करायचे तर स्प्लिट आहेच. स्प्लिट मायनस बी ४जी, मग फाइलचं नाव. नंतर कॅटने जोडायचे. फॉरमॅटची भानगडच नको.

अबोली
@वाटसरू७, मायनस बी ४जी देऊ नका, तेच अडकेल!!

स्प्लिटमधे ४जी म्हणजे ४ गुणिले १०२४ चा घन, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट. वर जुनंखोड यांनी दिलेला आकडा बघा, मर्यादा २९५ वर संपते. पहिला तुकडा एका बाइटने जास्त होतो आणि पुन्हा तीच एरर. ४जीबी असं लिहिलंत तर स्प्लिट १००० च्या पटीत मोजतं, ते चालतं. मी सरळ ४०००एम देते, लक्षात राहायला सोपं.

अजून एक, तुकडे आधी लॅपटॉपवर करून मग हलवायची गरज नाही. स्प्लिटला शेवटी जे नाव देतो त्यात पेनड्राइव्हचा पूर्ण पाथ दिला की तुकडे थेट तिथेच लिहिले जातात. म्हणजे लॅपटॉपवर दुप्पट जागा लागत नाही. तुकड्यांच्या नावापुढे एए, एबी, एसी असं लागत जातं, त्यामुळे जोडताना कॅटला स्टार दिलं तरी क्रम बरोबर येतो. विंडोजवर जोडायचे असतील तर कॉपी स्लॅश बी आहे.

चकोर
एका बाइटने गाडी चुकली म्हणायची :)

पण अबोली, जोडायचे कुठे? ज्या मशीनवर जोडणार तिथे पूर्ण फाइलएवढी मोकळी जागा पाहिजे आणि तिथली फाइलसिस्टिमही मोठी फाइल घेणारी पाहिजे. म्हणजे पेनड्राइव्हवरून फाइल थेट उघडताच येत नाही. रोजच्या वापराला हा उपाय मला पटत नाही. दुसऱ्याचा पेनड्राइव्ह आहे, फॉरमॅट करता येत नाही, एकदाच न्यायचंय, तेव्हा ठीक.

अबोली
हो, ते मान्यच आहे. मी स्प्लिट कसं करायचं ते सांगितलं, करायलाच हवं असं नाही.

डोंगरवाट
व्हिडिओच्या बाबतीत तर साध्या स्प्लिटचा उपयोगच नाही. बाइटच्या हिशोबाने कापलेला दुसरा तुकडा टीव्ही वाचणारच नाही, कारण त्याला फाइलची सुरुवातच मिळत नाही. टीव्ही फक्त फॅट३२ घेत असेल तर एमकेव्हीमर्ज वापरा. त्यात स्प्लिटचा पर्याय आहे, साइज म्हणून ३९०० एमबी द्यायचं. तो कीफ्रेमपाशी (पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमपाशी) तोडतो, पुन्हा एन्कोड करत नाही, म्हणून दर्जा तोच राहतो आणि वेळही कॉपी करण्याएवढाच लागतो. प्रत्येक भाग स्वतंत्र व्हिडिओ म्हणून चालतो. मात्र बाहेर पडणारी फाइल एमकेव्ही असते, तेव्हा तुमचा टीव्ही एमकेव्ही वाचतो का ते आधी एका छोट्या फाइलवर बघून घ्या.

कर्नलकथा
एक्सफॅट की एनटीएफएस, यावर थोडं. एक्सफॅटसाठी पूर्वी लिनक्सवर वेगळं फ्यूजचं (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या बाहेर चालणारं) पॅकेज टाकावं लागायचं. ऑगस्ट २०१९ मधे मायक्रोसॉफ्टने त्याचं स्पेसिफिकेशन खुलं केलं आणि २०२० च्या ५.७ कर्नलपासून नीट ड्रायव्हर आतच आला. त्यामुळे आता बहुतेक डिस्ट्रोवर काही न टाकता माउंट होतो. फॉरमॅट करायला एक्सफॅटप्रॉग्ज हे पॅकेज लागतं, त्यातलं एमकेएफएस डॉट एक्सफॅट.

एनटीएफएसलाही ५.१५ पासून कर्नलमधे नवा ड्रायव्हर आहे आणि त्याआधीचा एनटीएफएस-३जी आहेच. मला पोर्टेबल हार्ड डिस्कसाठी एनटीएफएस बरा वाटतो, कारण त्यात जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) आहे. एक्सफॅटमधे जर्नल नाही, लिहिता लिहिता उपटला तर अख्खी डिरेक्टरी गडबडू शकते.

टर्मिनलवेडी
जर्नलचा मुद्दा बरोबर आहे पण एनटीएफएसची उलटी बाजूही सांगा ना. विंडोजमधून नीट न काढलेली डिस्क लिनक्स कधी फक्त वाचायला माउंट करतो, कधी माउंटच करत नाही, मग परत विंडोजमधे नेऊन तपासणी करा. फास्ट स्टार्टअप चालू असलेल्या मशीनवर तर हमखास. पेनड्राइव्हला एक्सफॅट आणि काढताना न चुकता इजेक्ट, एवढं पाळलं तर मला कधी त्रास झालेला नाही.

कर्नलकथा
आपली मतं वेगळी आहेत. पण दोन्हीत ४ जीबीची अडचण नाही, हे रानवारांच्या दृष्टीने पुरेसं.

पाटीपेन्सिल
कुणी ईएक्सटी४ का सुचवत नाहीये? फक्त लिनक्समधे वापरायचं असेल तर तेच उत्तम. परवानग्या, मालक, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) सगळं टिकतं. फॅट आणि एक्सफॅटवर यातलं काहीच राहत नाही, फाइली जुळवून कॉपी करणाऱ्या आरसिंकला मायनस ए दिलं की मालक बदलता येत नाही म्हणून एररची रांग लागते.

चकोर
कारण धागाकर्त्यांना विंडोज आणि टीव्ही दोन्हीला लावायचंय. पहिली पोस्ट वाचा की.

रानवारा
मंडळी, एक्सफॅट केलं. टीव्हीने घेतलं, हे आधी सांगतो, कारण त्याचीच धास्ती होती. १२ जीबीचा व्हिडिओ गेला. पण दोन नव्या गोष्टी उपटल्या आहेत.

१. काही रेकॉर्डिंग 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून नाकारली जातायत. ती छोटी आहेत, १ जीबीच्या आतली.
२. व्हर्च्युअल मशीनची डिस्क फाइल आता 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणते. डीयू केलं तर ती २३ जीबी दाखवतेय आणि पेनड्राइव्हवर ९० च्या वर मोकळी आहे. हे काय गौडबंगाल?

अबोली
पहिल्याचं सांगते. रेकॉर्डिंगच्या नावात वेळ आहे का, १०:३० असं काही? एक्सफॅटवर नावात कोलन, प्रश्नचिन्ह, स्टार, दुहेरी अवतरण, उभी रेघ, लहान-मोठ्याची चिन्हं चालत नाहीत. ईएक्सटी४ वर हे सगळं चालतं म्हणून आपल्या लक्षात येत नाही. नावं बदलून घ्या, कोलनच्या जागी डॅश टाका.

जुनंखोड
दुसऱ्याचं मी सांगतो, हे जरा समजून घेण्यासारखं आहे.

एलएस मायनस एलएच करून बघा, तीच फाइल १०० जीबीच्या वर दिसेल अशी माझी खात्री आहे. तिला स्पार्स फाइल म्हणतात. व्हर्च्युअल मशीन बनवताना तुम्ही मोठी डिस्क दिलीत, पण आतलं ऑपरेटिंग सिस्टिम जेवढं लिहितं तेवढेच ब्लॉक ईएक्सटी४ खरे वाटून देतं. उरलेली भोकं असतात, वाचली तर शून्यं मिळतात पण डिस्कवर जागा खात नाहीत. डीयू खरे ब्लॉक मोजतं, एलएस फाइलचा जाहीर आकार सांगतं.

एक्सफॅटला अशी भोकं ठेवताच येत नाहीत. त्यामुळे कॉपी होताना सगळी शून्यं खरोखर लिहिली जातात, २३ ची ती पूर्ण फुगते आणि पेनड्राइव्ह भरतो. सीपीला स्पार्स इक्वल्स ऑल्वेज देऊनही इथे उपयोग नाही, कारण समोरची फाइलसिस्टिमच घेत नाही. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसवर नेत असता तर तो पर्याय बरोबर होता.

मार्ग दोन. एक, क्यूईएमयू-आयएमजीच्या कन्व्हर्टने तिची क्यूकाउ२ प्रकारची डिस्क फाइल करा. त्या प्रकारात वापरलेला भागच फाइलमधे लिहिला जातो, मग फाइलसिस्टिम कुठलीही असो. मायनस सी दिलं तर वर कॉम्प्रेसही होते. आधी व्हर्च्युअल मशीन बंद करायचं मात्र विसरू नका, चालू मशीनची डिस्क कॉपी केली तर आत अर्धवट लिहिलेलं काहीतरी मिळेल. दोन, फाइली एकत्र बांधणाऱ्या टारला मायनस कॅपिटल एस देऊन बांधा. टार भोकांची नोंद ठेवतं आणि डेटाच भरतं, उघडताना परत भोकं करतं.

रानवारा
एलएसमधे १२० जीबी! आता उलगडलं. क्यूकाउ२ लावून ठेवतो.

वाटसरू७
म्हणजे एकाच फाइलला दोन वेगळ्या भिंती लागल्या. आधी 'फाइल टू लार्ज', मग 'नो स्पेस'.

कर्नलकथा
हो, आणि या दोन एरर वेगळ्या आहेत हे लोक बघतच नाहीत, याचं मला फार वाटतं. दोन्हीला 'मोठी आहे, जात नाही' म्हणून सोडून देतात. कर्नल स्पष्ट वेगळं सांगत असतो. आरसिंक तर कंसात नंबरही छापतं. २७ म्हणजे फाइल मर्यादेपेक्षा मोठी, मोकळी जागा कितीही असो. २८ म्हणजे जागा संपली. 'डिस्क कोटा एक्सीडेड' आलं तर १२२, म्हणजे जागा आहे पण तुमच्या वाट्याची संपली, ते ॲडमिनकडे जाऊन सोडवायचं. जागा संपली म्हणतंय आणि डीएफमधे जागा दिसतेय, तर डीएफ मायनस आय पण बघा, छोट्या फाइलींनी आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपवलेले असू शकतात.

सांजवेळ
अजून एक भिंत, सर्व्हरवाल्यांसाठी. आमच्याकडे बॅकअप एका ठराविक आकाराला पोचला की मरायचा. डिस्क एक्सएफएस, कित्येक टीबी मोकळी, कोटा नाही. लॉगमधे 'फाइल साइज लिमिट एक्सीडेड'. हे फाइलसिस्टिमचं नसतं, प्रोसेसवर घातलेलं बंधन असतं. युलिमिट मायनस एफ केलं की दिसतं, अनलिमिटेड असायला हवं, तिथे आकडा होता. बॅशमधे तो आकडा १०२४ बाइटच्या हिशोबात असतो. कुणीतरी लिमिट्स डॉट कॉन्फमधे त्या युजरला एफसाइझ लावून ठेवलं होतं. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) सर्व्हिसमधून चालत असेल तर लिमिट्स डॉट कॉन्फ लागूच होत नाही, युनिट फाइलमधे लिमिटएफसाइझ शोधा.

टर्मिनलवेडी
म्हणजे पहिल्या पोस्टमधला 'सेटिंग वाढवता येते का' हा प्रश्न अगदीच वावगा नव्हता. इथे खरंच सेटिंग आहे!

नवीनपान
मी नवीन आहे, एक शंका. मोठी झिप उघडताना मला 'नो स्पेस' येतं, होममधे १५० जीबी मोकळी आहे, फाइल ९ जीबीची.

कर्नलकथा
उघडणारा प्रोग्रॅम तात्पुरती फाइल टीएमपीमधे टाकत असेल. बऱ्याच डिस्ट्रोवर टीएमपी म्हणजे टीएमपीएफएस, रॅममधली जागा, आणि मुद्दाम सांगितलं नाही तर ती रॅमच्या निम्मी असते. डेबियननेही १३ पासून तसंच केलंय. डीएफ मायनस एच आणि पुढे टीएमपीचा पाथ देऊन बघा. मग टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल होममधल्या एखाद्या फोल्डरकडे वळवून प्रोग्रॅम सुरू करा.

नवीनपान
८ जीबी रॅम, टीएमपी ३.९. तेच आहे. वळवल्यावर उघडली.

डोंगरवाट
थोडं विषयांतर, पण मोठ्या फाइलींशी संबंधित. कॉपीचा बार भराभर ९० टक्क्यांपर्यंत जातो आणि मग ढिम्म. लोक वैतागून पेनड्राइव्ह उपटतात. तो बार रॅममधल्या कॅशेत किती लिहिलं ते दाखवत असतो, पेनड्राइव्हवर किती पोचलं ते नाही. टर्मिनलमधे सिंक द्या आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत हात लावू नका. किती बाकी आहे ते बघायचं तर प्रॉकमधल्या मेमइन्फोत डर्टी आणि राइटबॅक या दोन ओळी बघत राहा, शून्याकडे जातात.

अबोली
याला जोडून. शा२५६सम करून (फाइलची ओळख पटवणारी बेरीज काढून) तपासायची सवय असेल तर कॉपी झाल्या झाल्या करू नका. फाइलचा बराच भाग अजून कॅशेत असतो, बेरीज त्यावरूनच निघते आणि जुळते, पेनड्राइव्हवर काय पडलंय ते कळतच नाही. इजेक्ट करा, परत लावा, मग बेरीज काढा. स्प्लिट केलेल्या तुकड्यांचं तर जोडल्यावरही करा.

पाटीपेन्सिल
आणि पेनड्राइव्ह नवा असेल तर एफ३राइट, एफ३रीड चालवून घ्या. आकार १२८ सांगणारे आणि आत त्याच्या पावभर जागा असणारे नकली ड्राइव्ह असतात. पहिले काही जीबी ठीक जातात, पुढचं कुठेतरी विरून जातं आणि एररही येत नाही. एफ३ मोकळी जागा भरून टाकतं आणि वाचून ताडून बघतं. वेळ लागतो पण मोलाचा डेटा असेल तर करावंच.

रानवारा
क्यूकाउ२ झाली, मायनस सी लावून १४ जीबी. एक्सफॅटवर गेली, परत लावून बेरीज काढली, जुळली. कोलनवाली नावंही बदलली.

एकच शेवटचं. दर आठवड्याला नवे व्हिडिओ टाकायचे असतात, त्यासाठी आरसिंक वापरायचं ठरवलंय. मधे थांबलं तर मोठी फाइल पुन्हा पहिल्यापासून जाऊ नये म्हणून काय द्यायचं?

टर्मिनलवेडी
मायनस मायनस पार्शल द्या, म्हणजे अर्धवट फाइल पुसली जात नाही. पुन्हा चालवताना अपेंड-व्हेरिफाय द्या, तो उरलेलं पुढे जोडतो आणि शेवटी अख्ख्या फाइलची बेरीजही ताडतो. नुसतं अपेंड वापरू नका, ते आधीचा भाग बरोबर आहे असं धरूनच चालतं. मायनस ए ऐवजी मायनस आरटी पुरे, म्हणजे परवानग्या आणि मालकाच्या एरर येणार नाहीत. आणि मॉडिफाय-विंडो इक्वल्स १ जोडा. फॅटमधे वेळ २ सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते, त्यामुळे आरसिंकला न बदललेली फाइल बदललेली वाटते. एक्सफॅटमधे वेळ जास्त बारीक असते, पण तिथेही हे दिल्याने काही बिघडत नाही.

रानवारा
आरटी, पार्शल, मॉडिफाय-विंडो, एवढ्याची स्क्रिप्ट केली. मुद्दाम मधेच थांबवून परत अपेंड-व्हेरिफायने चालवली, अडकली होती तिथूनच पुढे गेली.